उलटा लागलेला तुकडा

माझी नणंद सिनेमाची कंपनी चालवते, हे लग्न ठरताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईस असते, शिकलेली आहे, काहीतरी उद्योग करते, एवढंच मध्यस्थ बोलला होता. ते काहीतरी म्हणजे काय, हे मांडवी बंदरावरच्या घरात माप ओलांडल्यावर शेजारणीकडून कळलं. विहिरीवर तिनं विचारलं, तुझी नणंद ती खेळवाली ना गो? मला वाटलं, तमाशात बिमाशात आहे की काय. कळशी तिथंच ठेवून मी घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. नवीन सून, रडायला तरी दुसरी जागा कुठली!

मग हळूहळू सगळं कळत गेलं. वन्सं लहानपणीच विधवा झालेल्या. त्या वेळी त्यांचं केशवपन करायचं सोडून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना शिकायला पुण्यास नेऊन ठेवलं. मामंजी भिक्षुक. गावानं पुष्कळ दिवस त्यांना कुठल्या श्राद्धाला, कुठल्या मुंजीला बोलावलं नाही. भिक्षुकाला बोलावलं नाही तर त्यानं काय समुद्राला मंत्र सांगायचे? पण मांडवीचे गलबतं हाकणारे तांडेल आणि बंदरावरचे दुकानदार त्यांना धरून राहिले, आणि मामंजींचे उच्चार इतके स्वच्छ होते की बाकीचेही यजमान एकेक करून परतले. मी सून होऊन आले तेव्हा ते दिवस मागे पडले होते. सासूबाई कधीच गेल्या होत्या. आमचे हे मुंबईस कारकुनीला. घरात मामंजी आणि मी, आणि बोट सुरू झाली की मधूनच उगवणाऱ्या वन्सं.

त्यांची कंपनी म्हणजे काय? गिरगावातली एक खोली, दारावर पाटी, एक हातानं फिरवायचा कॅमेरा आणि एक लोखंडी ट्रंक. आधी मास्तरीण होत्या, मग फिल्म धुवायच्या कारखान्यात लागल्या, तिथंच सगळं शिकल्या आणि कोणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन बाहेर पडल्या. बाकीच्या कंपन्या राजे, राण्या, राक्षस आणि देवादिकांची चित्रं काढत. वन्सं कौलं कशी भाजतात ते काढत. जाळं कसं विणतात, मिठागरात मीठ कसं ओढतात, सुंभ कसा वळतात. हल्ली याला माहितीपट म्हणतात. तेव्हा तो शब्दच नव्हता. वन्सं त्यांना 'खरी चित्रं' म्हणायच्या. मुख्य खेळाच्या आधी, लोक बसायला जागा धुंडाळत असतात, तेवढ्यात ती दाखवत. दर चित्राच्या सुरवातीला पडद्यावर अक्षरं यायची, 'यात कोणीही सोंग घेतलेले नाही. जसे घडले तसेच दिसेल.' या दोन वाक्यांचा त्यांना भारी अभिमान.

मला मात्र लाज. आता सांगायला काय जातंय, पण तेव्हा नुसती लाज. नऊवारीचा काचा खोचून, खांद्यावर ती तिपाई टाकून वन्सं समुद्रकाठच्या पुळणीवरून चालायला लागल्या की मला वाटायचं, माझी यांची ओळख नाही असं सांगावं. पण त्या लांबूनच हाक मारायच्या, वहिनी, जरा धर गो ही तिपाई, वारा आहे. मग मी पदर नाकापर्यंत ओढून, मान छातीला लावून ती तिपाई धरायची. हौस त्यांची, शरम माझी. एकदा त्यांनी कौतुकानं मला कॅमेऱ्याच्या काचेतून बघायला लावलं. बघते तर सगळी माणसं डोकी खाली, पाय वर करून चालताहेत. मी म्हटलं, हे कसलं मेलं खरं चित्र? त्या हसून म्हणाल्या, काचेत उलटंच दिसतं, पडद्यावर गेलं की सुलटं होतं.

त्या वर्षी पाडव्याला मांडवीच्या तांडेलाच्या नव्या मचव्याची पूजा होती. हा तांडेल मामंजींचा जुना यजमान, गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हाही यांच्याकडूनच सत्यनारायण करून घेणारा. दोन वर्षं त्याचा हा शिडाचा मालवाहू मचवा पुळणीवर बांधून होत होता. घरातलं होतं नव्हतं ते त्यात गेलं होतं, बायकोच्या गळ्यात मण्यांशिवाय काही उरलं नव्हतं. पूजा पाडव्याला करून घ्यायची, शिडाचं काम उरलंय ते पावसाळ्यात करायचं आणि दसऱ्याला माल भरून पहिल्या खेपेला मुंबईस जायचं, असा बेत. वन्संनी विचारलं, अप्पा, चित्र घेऊ? मामंजी म्हणाले, मी काय चोरी करतोय? घे.

तसं घेतलं. मामंजी उघडे, सोवळं नेसलेले, जानवं डाव्या खांद्यावर. शुभकार्याला ते तिथंच असायचं. उजव्या खांद्यावर जातं ते फक्त पितरांच्या कामात, त्याला अपसव्य म्हणतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. उजव्या हातानं आंब्याच्या पानानं पाणी शिंपडत, मचवा उजवीकडे ठेवून त्यांनी प्रदक्षिणा घातली. तांडेल मागं. मी तिपाई धरून, आणि वन्सं हँडल फिरवताहेत.

पावसाळा सरला, बोटी सुरू झाल्या आणि नवरात्रात वन्सं रीळ घेऊन आल्या. गावात तंबूतला सिनेमा आला होता. मुंबईस चित्रं बोलायला लागली होती म्हणे, पण आमच्याकडे अजून मुकीच. तंबूवाल्याशी वन्संनी ठरवलं, की मुख्य खेळाआधी मचव्याचं चित्र लावायचं. तांडेलानं आपल्या सगळ्या खलाश्यांना आमंत्रण दिलं. आणि मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाला जायचं कबूल केलं.

वन्संना काय झालं होतं त्या दिवशी! बाप आपलं काम बघायला येणार म्हणून पोर नाचते तशा त्या घरभर नाचत होत्या, आणि वय बघा. दुपारी तंबूत रीळ चालवून बघितलं तर यंत्राच्या दात्यांनी मध्येच फिल्म ओरबाडली. नेमका मामंजींचा तुकडाच सुटून आला. वन्सं रीळ घेऊन घरी आल्या, कारण तंबूत धूळ फार. ती फिल्म कापरासारखी पेट घ्यायची, म्हणून मला चूल विझवायला लावली, देवघरातली नवरात्राची समई माजघराच्या पार पलीकडे नेऊन ठेवायला लावली. नवरात्रात अखंड दिवा असा हलवायचा! माझ्या जिवाला घोर लागला. मामंजी म्हणाले, हलवला तर हलवला, विझवायचा नाही म्हणजे झालं.

वन्सं पडवीत पाटावर फिल्म जोडत बसल्या. फिल्मला एका अंगाला मसाला असतो, दुसरं अंग गुळगुळीत. मसाला पात्यानं खरवडायचा, उग्र वासाचं औषध लावायचं, दाबून धरायचं, हे मी पूर्वी पाहिलेलं. त्या दिवशी मात्र मधूनच उठून त्या आत जात, मामंजींचं उपरणं कोणतं, पगडीला ब्रश फिरवला का, हेच चाललेलं. पुन्हा येऊन बसत. मला म्हणाल्या, बघ वहिनी, आज कशी पटकन चिकटली, खरवडायलासुद्धा लागली नाही. मी म्हटलं, बरं झालं बाई, आता चूल पेटवू का?

खरवडायला लागली नाही, कारण गुळगुळीत अंगाला गुळगुळीत अंग लागलं होतं. मधला तुकडा उलटा बसला होता. पण हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

रात्री तंबू भरलेला. बायकांना एका बाजूला कनातीच्या आड चटया. मामंजींना तंबूवाल्यानं पुढं खुर्ची दिली होती, त्यांच्या शेजारी तांडेल, मागं त्याचे खलाशी. पडद्यावर अक्षरं आली आणि तंबूवाल्याचा माणूस ती खणखणीत आवाजात वाचत गेला. कोणीही सोंग घेतलेले नाही. जसे घडले तसेच दिसेल. मचवा दिसला. लोक ओळखून ओळखून एकमेकांना ढोसायला लागले. तांडेलानं उजव्या हातानं नारळ फोडला, तेव्हा खलाश्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळं छान चाललं होतं, आणि मला, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच या नणंदेचा अभिमान वाटायला लागला होता.

मग मामंजी आले. चित्रात ते एकटेच, पाठीशी नुसतं मचव्याचं लाकूड आणि वाळू. जानवं उजव्या खांद्यावर. डाव्या हातानं पाणी शिंपडताहेत. आणि मचवा डावीकडे ठेवून, उलटे फिरताहेत, चितेभोवती फिरतात तसे.

आधी कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. तंबूत इतकं शांत झालं की यंत्राची घरघर तेवढी ऐकू यायला लागली. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "अगो, भटजींनी मचव्याचं श्राद्ध घातलंन की काय?" पुढच्या तुकड्यात तांडेल पुन्हा आला, पुन्हा उजव्या हातानं कुंकू लावत. म्हणजे सगळं जग सरळ आणि एकटे मामंजीच उलटे. तांडेल उठला. त्याच्या मागून खलाशी उठले. मुख्य खेळ सुरू व्हायच्या आत पुढचा अर्धा तंबू रिकामा झाला आणि मामंजी त्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी कनातीखालून बाहेर पडले आणि कोणासाठी न थांबता घरी आले. वन्सं त्यांना घेऊन नंतर आल्या. त्या वाटेत दोघं काही बोलले की नाही, मला माहीत नाही.

सकाळी वन्सं तंबूत जाऊन आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. अप्पा, तुकडा उलटा लागलाय, म्हणाल्या. चूक माझी आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. मामंजी पोथी बांधत होते. बरं, म्हणाले, आणि पोथी बांधून फडताळात ठेवली.

एवढ्यावर मिटेल असं मला वाटलं. कसलं मिटतंय! दिवस वर यायच्या आत तांडेल आला. नेहमी ओटीवर बसायचा, आज अंगणातच उभा. खलाशी मचव्यात पाय ठेवीत नाहीत, म्हणाला. ज्याचं श्राद्ध झालंय त्यात बसून समुद्रात कोण जाईल? वन्संनी त्याला ती फिल्म उजेडात धरून दाखवली. ही अशी धरली की असं दिसतं, फिरवली की असं. त्यानं दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. तो काही अडाणी नव्हता, शहाणा माणूस होता. मग म्हणाला, म्हंजे तुमी फिरवाल तसं व्हतं? मग खरं कुठलं?

वन्सं म्हणाल्या, खरं तुम्हीच सांगा, तुम्ही तर मागेच होतात.

त्याचं उत्तर मला अजून ऐकू येतं.

"मी व्हतो, ताई. पन माजी नजर मचव्यावर. आनि आता डोळं मिटलं की भटजींचा डावा हातच दिसतो. मी काय करू?"

वन्सं हट्टी. तंबूवाल्याच्या हातापाया पडून त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा चित्र लावलं, तुकडा सुलटा करून. मी गेले नाही. शेजारीण गेली आणि येऊन मला सगळं तिखटमीठ लावून सांगितलंन. लोक म्हणे हसत होते. काल डावा, आज उजवा, उद्या पाठमोरा दाखवतील. बापाला सोडवायला लेकीनं चित्रात खाडाखोड केली, असं ठरलं. आणि कोणीतरी ओरडलं, तुमच्याच चित्रात लिहिलंय ना, घडलं तसंच दिसेल? मग पहिलं दिसलं ते घडलंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथं तर हात खराच दाखवला होता. बरं, बोलायचं कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या दिवसांत विहिरीवर जायचं म्हणजे मला शिक्षा. मी दिसले की बायकांचं बोलणं थांबायचं, दोरीला लगेच जागा मिळायची. अशी जागा मिळण्यापेक्षा भांडण बरं. नवरात्रात मामंजींना पाच घरी पाठ असायचे. एका घरून निरोप आला, की पाहुणे आलेत, यंदा राहू दे. दुसऱ्या घरून निरोपही आला नाही. पूर्वी लेकीपायी गावानं टाकलं होतं, ते त्यांनी मान ताठ ठेवून सोसलं होतं, कारण तेव्हा आपण बरोबर आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या वेळी तेच राहिलं नव्हतं, आणि ते मला कळलं जेवणाच्या पाटावर.

मी पान वाढलं. त्यांनी चित्राहुती घातल्या, आपोशनासाठी उजव्या तळव्यावर पाणी घेतलं आणि थांबले. तळव्याकडे बघत राहिले. मग हात उघडला, पाणी ताटाबाहेर सांडलं. डावा हात पुढं केला, पुन्हा मागं घेतला. साठ वर्षं रोज दोन वेळा केलेली गोष्ट हो.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी रोज याच हातानं घेतो ना?"

मी हो म्हटलं. हो मामंजी, याच. वन्सं स्वैंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली होती.

त्या पुढं झाल्या आणि बापाच्या पानाशी खाली बसल्या. म्हणाल्या, अप्पा, तुम्ही चुकला नाहीत, मी समोर होते, मी स्वतः पाहिलंय. मामंजींनी त्यांच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला वाटलं, आता मिटलं. पण ते म्हणाले, "तूही त्या काचेतूनच पाहिलंस ना गो, बायो?"

वन्सं कधी खोटं बोलल्या नाहीत, तो त्यांचा रोगच होता. त्या काचेत सगळं उलटंच दिसायचं, आणि हँडल फिरवताना त्या फक्त मोजत असायच्या, एक, दोन, एक, दोन. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही होतेच की तिथं, तिपाई धरून, दोन हातांवर. माझ्याइतक्या जवळ कोणीच नव्हतं. मी एक शब्द बोलले असते तर त्या म्हाताऱ्याला आपला हात परत मिळाला असता. पण त्या पूजेचं मला वाळू सोडून काही आठवत नव्हतं. लोक बघताहेत या शरमेनं माझी मान सबंध वेळ खाली होती. वाळू, तिपाईचा लोखंडी पाय आणि माझ्या पायाचं बोट. तांडेल, वन्सं आणि मी, तीन माणसं अगदी जवळ, आणि तिघांनाही दिसलेलं नाही. "हो, मी पाहिलं" म्हणायला माझी जीभ उचलली, पण मामंजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना माझी खाली घातलेली मान सवयीची होती. मी पळीनं उगाच आमटी ढवळली.

जेवण तसंच राहिलं.

अष्टमीला तांडेल पुन्हा आला. या वेळी ओटीवर बसला, पण कडेला. त्यानं खूप आढेवेढे घेतले. मतलब असा, की दुसऱ्या भटजींकडून मचव्याची शांत करून घ्यावी असं खलाशी म्हणतात, पण पहिली पूजा तुमची, तुमच्या परवानगीशिवाय मी करणार नाही. वन्सं ताडकन उठल्या. ही परवानगी म्हणजे मामंजींनी आपल्याच तोंडानं कबूल करायचं, की माझ्याकडून मचव्याचं श्राद्ध झालं. त्यानंतर गावात कोण त्यांच्या हातचं तीर्थ घेणार? आणि नको म्हणावं तर मचवा पुळणीवर उभा, तांडेलाचं घर उपाशी.

मामंजींनी पुष्कळ विचार केला. मग त्यांनी विचारलं, पहिल्या खेपेला किती माणसं? तांडेलानं सांगितलं. मामंजी म्हणाले, "शांत नको. एक माणूस जास्त धर. मी येतो मुंबईपर्यंत. माझा हात चुकला असेल तर समुद्र पहिला मला विचारील."

तांडेल त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. या माणसाला बंदरापासून बोटीपर्यंत पडावात बसायचं म्हटलं तरी ओकारी व्हायची. मुंबईस मुलगा असून त्या भयानंच ते कधी गेले नव्हते. वन्सं रडल्या, भांडल्या, म्हणाल्या, माझ्या चुकीची शिक्षा तुम्ही का घेता? ते म्हणाले, कोणाची चूक ते मला माहीत नाही, तेच तर बघायला जातोय.

मचवा बुडाला नाही, हे इथंच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. ओकून ओकून अर्धे झाले, पण पोचले. मुलाकडे महिनाभर राहिले, बोटीनं परत आले, आणि त्यानंतर तांडेलाच्या घरचं एकही कार्य त्यांच्यावाचून झालं नाही. खलाशी तर त्यांना रस्त्यात भेटले की वाकायचे. वन्संची कंपनी पुढंही पुष्कळ वर्षं चालली. कौलं, मीठ, काजू, हातमाग. पण चित्राच्या सुरवातीची ती दोन वाक्यं पुन्हा कधी आली नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, नुसतं नाव पुरे.

सांगायचं आहे ते दसऱ्याच्या सकाळचं. सगळी मांडवी पुळणीवर लोटलेली. मचवा पाण्यात, शिडं चढलेली, आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. खलाशी अजून कमरेइतक्या पाण्यात उभे, आधी भटजी चढतात का बघत. मामंजींनी सोवळं नेसून, पगडी काखोटीला मारून सोनं वाटलं. मी वाकून नमस्कार केला. वर बघते तर वन्सं तिपाई वाळूत रोवून, कॅमेरा चढवून तयार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जवळ जाऊन म्हटलं, वन्सं, थोडी तरी लाज? एवढं झालं ते पुरलं नाही?

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हेच घ्यायला हवं, वहिनी. हे लोकांना दिसलं की ते धुऊन निघेल. आणि तिपाईचा आधीच रोवलेला पाय पुन्हा पुन्हा वाळूत दाबत राहिल्या. मला तेव्हा समजलं, की या बाईला केलेलं निस्तरायला दुसरं काही येतच नाही. माझ्या रागाची मलाच लाज वाटली. मी जाऊन तिपाई धरली. या वेळी पदर ओढला नाही, मानही वर ठेवली.

मामंजी पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात गेल्यावर त्यांना कॅमेरा दिसला. ते थांबले, आणि मागं फिरून लेकीपर्यंत आले. ओलं सोवळं पायांना चिकटलेलं. सगळं गाव बघत होतं. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी तिच्या हँडलवरच्या हातावर आपला हात ठेवला.

"हे नको गो घेऊस, बायो," ते म्हणाले. "एवढं तरी माझं मला आठवू दे."

वन्संनी हात काढला. कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलं आणि पदरानं तोंड दाबून धरलं. मी कधी त्यांना लोकांत मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. मी त्यांच्या दंडाला धरलं, नाहीतर त्या तिथंच बसल्या असत्या.

मामंजींना दोघा खलाश्यांनी उचलून वर घेतलं, मग बाकीचे चढले. नांगर उठला. मचवा भगवतीच्या किल्ल्याकडे वळला तेव्हा मामंजी मचव्याची कड धरून उभे राहिले आणि त्यांनी आमच्याकडे बघून एक हात वर केला. मी डोळ्यांची पापणी न लववता बघत होते, वन्संनीही तोवर मान वर केली होती.

उजवा होता, असं वन्सं मरेपर्यंत सांगत राहिल्या. मला तो डावा आठवतो. उजव्या हातानं त्यांनी मचवा धरला होता.